रंग सांगा

आमच्या मास्तरांकडे जुना दिवाळी अंक बघायला गेलात, तर अंकाचं नाव सांगून उपयोग नाही. वर्ष सांगूनही नाही. चित्रकाराचं नाव तर घेऊच नका, चुकून शेजारच्या घराची बेल वाजवल्यासारखं ते तुमच्याकडे बघतील. तिथे रंग सांगावा लागतो. सुरतेतल्या बमरोलीत त्यांच्या दोन खोल्यांत पलंगाखाली, माळ्यावर आणि कपाटाच्या डोक्यावर मिळून सात पत्र्याच्या पेट्या आहेत. त्यांत आठशेच्या आसपास जुने अंक, आणि सगळे मुखपृष्ठावरच्या बाईच्या साडीच्या रंगाप्रमाणे लावलेले. पहिल्या पेटीत लिंबू, हळदी, केशरी. मग गुलाबी, राणी, डाळिंबी. असं करत करत शेवटच्या पेटीत काळी चंद्रकळा. ज्या मुखपृष्ठावर बाईच नाही, नुसती होडी किंवा देऊळ आहे, ते अंक एका कापडी पिशवीत कोंबलेले. त्या पिशवीला ते गुजराती वाण्यासारखं 'परचूरण', म्हणजे किरकोळ, म्हणतात.

एकदा पुण्याहून एक संग्राहक आले होते. हातात पांढरे सुती मोजे, पिशवीत भिंग, वहीत याद्या. त्यांनी एका मोठ्या चित्रकाराचं नाव घेतलं आणि त्याची कोणकोणती मुखपृष्ठं आहेत असं विचारलं. मास्तर म्हणाले, "रंग सांगा." संग्राहकांना वाटलं, यांना नीट ऐकू आलं नाही. त्यांनी अंकाचं नाव सांगितलं, वर्ष सांगितलं, अंकात कोणाची कथा होती तेही सांगितलं. मास्तर शांतपणे चहा पीत राहिले. शेवटी ते गृहस्थ वैतागून म्हणाले की, अहो, नदीवर घागर घेऊन चाललेली बाई आहे, हिरव्या साडीतली. झालं. मास्तर उठले, चौथी पेटी उघडली आणि वरून अकरावा अंक काढून त्यांच्या मांडीवर ठेवला. वर बजावलंही, की याला हिरवा म्हणत नाहीत, हा शेवाळी आहे आणि छपाईत निळा थोडा उजवीकडे सरकलाय. पुणेकर संग्राहक मोजे काढून चहा प्यायले, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

मास्तर म्हणजे शाळामास्तर नव्हेत. सुरतेजवळच्या सचिन गावातल्या एका प्रोसेस हाउसमध्ये, म्हणजे साड्या रंगवायच्या आणि छापायच्या कारखान्यात, ते कलर मास्तर होते. व्यापारी चिंधीएवढा तुकडा पाठवून म्हणतो की हा रंग मला दहा हजार मीटरवर पाहिजे. तो रंग तसाच्या तसा उतरला की नाही, हे ज्याच्या डोळ्यावर ठरतं तो कलर मास्तर. मी त्याच कारखान्यात लॅबला आहे. माझे वडील अकोल्याहून सुरतेला आले, मी इथेच केमिस्ट्री शिकले आणि रंगांबद्दल मला सगळं कळतं अशा थाटात नोकरीला लागले. तो थाट दीड मिनिट टिकला. पहिल्याच दिवशी मास्तरांनी ग्रे कापडात, म्हणजे न धुतलेल्या कोऱ्या कापडात गुंडाळलेला एक जुना अंक काढला आणि मुखपृष्ठ माझ्यापुढे धरून विचारलं, किती रंग आहेत?

मी नीट मोजले. साडी, झाडं, आकाश, केस, ओठ, पणती, ज्योत. सात, मी म्हणाले.

"चार," मास्तर म्हणाले. "बाकीचे तुझ्या डोक्यातले."

मग त्यांनी भिंगाशिवाय, नुसत्या नखाच्या टोकाने दाखवलं, की पिवळ्यावर निळा बसला तिथे झाड झालं, पिवळ्यावर लाल बसला तिथे ज्योत. जुन्या काळी गावोगावच्या छापखान्यांत मुखपृष्ठ असंच व्हायचं. एकेका रंगाचा एकेक ठोकळा, कागद चार वेळा यंत्रात घालायचा, आणि रंग डब्यातून तयार येत नसे, कोणीतरी पाटीवर कालवायचा. ते कालवणाऱ्याचं नाव अंकात कुठेही नसतं. संपादकाचं असतं, चित्रकाराचं असतं, अगदी जाहिरातवाल्याचंही असतं. मास्तरांना या गोष्टीचा मनापासून राग होता. आत काय छापलंय ते त्यांनी आठशेतल्या एकाही अंकात वाचलं असेल असं मला वाटत नाही.

त्यांचा एक नियम होता आणि त्या नियमापायी कारखाना अधूनमधून बंद पडायचा. दिव्याखाली शेड, म्हणजे रंगाची छटा, पास करायची नाही. ट्यूबलाइट नाही, बल्ब नाही, काही नाही. सकाळी दहा ते बारा, गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या सावलीत, उत्तरेकडे तोंड करून. आधी डोळ्यांवर पाणी मारायचं. मग दोन मिनिटं पांढऱ्या कापडाकडे बघत बसायचं, म्हणजे डोळा कोरा होतो म्हणे. त्या दोन मिनिटांत कोणी लाल शर्ट घालून गच्चीवर आला तर त्याची खैर नसे. मग तुकडा आणि साडी शेजारी शेजारी धरून एकदाच बघायचं. दुसऱ्यांदा बघितलं की डोळा वकिली करतो, असं ते म्हणत.

आभाळ भरलं की मात्र पंचाईत. माल तयार, टेम्पो दारात, आणि मास्तर गच्चीवर मांडी घालून बसलेले. एकदा शेठ स्वतः वर आले. बिचारे जाड माणूस, चार जिने चढून धापा टाकत म्हणाले, "मास्टर, वादळनी पाछळ सूरज तो छे ज ने." ढगामागे सूर्य आहेच की. मास्तर म्हणाले, "तो पार्टीने पण वादळनी पाछळ बेसाडो." मग पार्टीलाही, म्हणजे गिऱ्हाइकालाही, ढगामागे बसवा. शेठ खाली गेले. टेम्पो दुसऱ्या दिवशी गेला.

यात नुसता हट्ट नव्हता. दुकानातल्या दिव्यात घेतलेली साडी घरी उन्हात नेली की वेगळीच निघते, हे कोणत्याही बाईला ठाऊक असतं. दोन रंग एका उजेडात सख्ख्या बहिणी दिसतात आणि दुसऱ्या उजेडात त्यांची ओळखही नसते. आमच्याकडे त्यासाठी एक लाइट बॉक्स आणलेला आहे. लोखंडी पेटी, आतून राखाडी, आणि वर तऱ्हेतऱ्हेचे दिवे. एक बटण दाबलं की दिवसाचा उजेड, दुसरं दाबलं की दुकानातली ट्यूब, तिसरं दाबलं की जुना पिवळा बल्ब. शेठनी ती पेटी मास्तरांसाठीच मागवली होती, म्हणजे गच्चीची कटकट जाईल. मास्तरांनी तिचा उपयोग केला हे नाकारता येणार नाही. ते तिच्यात जेवणाचा डबा ठेवत. आत मुंग्या येत नाहीत, असं त्यांचं म्हणणं होतं.

काकूंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, या सगळ्याचं काही वाटेनासं झालं होतं. खानदेशातल्या बाईला शोभेल असं त्यांचं तोंड आहे. मी पहिल्यांदा घरी गेले तेव्हा पेट्यांकडे बोट दाखवून म्हणाल्या, "घरमा आठशे बाया शेतस, अन् पानी भराले मी एकलीच." काकूंची खरी तक्रार वेगळी होती. जगभरच्या बायकांच्या साड्यांचे रंग पाठ असलेल्या या माणसाने लग्नानंतर एकदाही त्यांच्या अंगावरच्या साडीचा रंग ओळखून सांगितला नव्हता. मी हे मास्तरांना विचारलं. ते म्हणाले की, ती साडी कुठे पळून जाणार आहे.

अंक यायचे कतारगामच्या एका पस्तीवाल्याकडून. रद्दीला इथे पस्ती म्हणतात. तो पस्तीवाला मराठी वाचू शकत नसे, त्यामुळे मराठी म्हटलं की धर्मग्रंथापासून पंचांगापर्यंत सगळं एका ढिगात. मास्तर रविवारी जाऊन तो ढीग उपसत. कधी नवसारी, कधी व्यारा, कधी बिलिमोरा. मराठी घर रिकामं होतंय अशी कुणकुण लागली की हे पिशवी घेऊन निघाले. लोकांना वाटायचं, यांना जुन्या चित्रांचा शौक आहे. मलाही बरीच वर्षं तसंच वाटत होतं. पण एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती. पुण्या-मुंबईचे संग्राहक फोन करून घरपोच अंक पाठवायला तयार असत, त्यांना हे नाही म्हणत. ते शोधायचे ते फक्त गुजरातेत. मराठी अंक आणि शोधायचे गुजरातेत. मी एकदा चिडवलं, की मास्तर, उद्या तुम्ही समुद्रात ऊस शोधाल.

त्याचं कारण मला गच्चीवर कळलं. श्रावणातले दिवस, तीन दिवस आभाळ मिटलेलं, आणि एक जांभळी शेड अडकून पडलेली. आम्ही टाकीशी उन्हाची वाट बघत बसलो होतो. कारखान्यात सगळ्यांसमोर ते मला 'बेन' म्हणत, गच्चीवर 'बेटा'. त्या दिवशी त्यांनी ग्रे कापडातून एक अंक काढला. हा अंक मी त्यांच्या घरी अनेकदा पाहिला होता. स्टुलावर चढून, टाचा उंच करून आकाशकंदील टांगणारी पाठमोरी बाई. अंगावर डाळिंबी साडी, पदर मागे सुटलेला. मास्तर तिला 'टाचवाली' म्हणायचे.

त्यांनी सांगितलेली हकिगत अशी. त्यांचे वडील खानदेशातल्या एका छापखान्यात शाई कालवायचे. छापखान्याचं नाव मी लिहीत नाही, आणि मास्तरांनीही ते कधी चारचौघांत घेतलं नाही. दिवाळीचा अंक, घाई, आणि कालवायची खोली आतली, बिनखिडकीची. भर दुपारीसुद्धा तिथे बल्ब लावावा लागे. वडिलांनी चित्रकाराचं मूळ चित्र समोर ठेवून साडीचा रंग कालवला, मालकाला तिथेच दाखवला, मालकाने मान डोलावली आणि छपाई सुरू झाली. काही गठ्ठे छापून झाल्यावर मालकाने एक प्रत बाहेर अंगणात नेली आणि तो ओरडतच आत आला. साडी डाळिंबी नव्हती, वांगी झाली होती. त्याने सगळ्या कामगारांदेखत सांगितलं, की याचे डोळे गेले. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या माणसाने अंगणात बसून रंग नव्याने कालवला. कागद महाग, म्हणून बिघडलेली मुखपृष्ठं फेकली नाहीत. तीही बांधली आणि नवापूरच्या पलीकडे, गुजरातेतल्या एजंटांना पाठवून दिली, कारण तिकडे दोन प्रती शेजारी ठेवून बघणार कोण. हे मास्तरांना पुष्कळ वर्षांनी तिथल्या बाइंडरने सांगितलं.

डोळे गेलेल्या माणसाला कोणताही छापखाना शाईजवळ उभं करत नाही. वडील बिऱ्हाड घेऊन सुरतेला आले आणि मरेपर्यंत लूमवर राबले. पण मास्तरांना सलत होतं ते हे नाही. वडिलांनी मालकाचं म्हणणं खरं मानलं. ज्या माणसाने आयुष्यभर रंग कालवले तो बाजारात टमाटे घेताना शेजारच्याला विचारू लागला, लाल आहे ना? सदऱ्याला ठिगळ लावताना बायकोला विचारू लागला, दोरा पांढराच आहे ना? आणि सोबत पोरगा असेल तर पोराला. पोरगा दहा वर्षांचा. त्याला या प्रश्नांची लाज वाटायची. एकदा त्याने रागाच्या भरात कच्च्या हिरव्या टमाट्यांकडे बघून सांगितलं, हो, लाल आहेत. वडिलांनी ते घेतले. घरी आई बोल बोल बोलली. वडील म्हणाले, पोरानं सांगितलं तसं घेतलं, माझे डोळे गेलेत. पोरगा गप्प बसला.

"मी कधी सांगितलंच नाही त्यांना," मास्तर म्हणाले.

तेव्हा मला त्यांचा नियम कळला, पेट्या कळल्या, आणि गुजरातही कळलं. त्यांना टाचवालीची ती बिघडलेली प्रत पाहिजे होती. रंग बल्बमुळे चुकला असणार असा त्यांचा अंदाज होता, पण अंदाजावर शेड पास करणारा हा माणूस नव्हे. दोन्ही प्रती समोर पाहिजेत. वडिलांचा डोळा चुकला होता की दिवा, हे स्वतःच्या डोळ्याने ठरवायचं होतं. बाकीचे आठशे अंक वाटेत सापडले म्हणून गोळा झाले, आणि मग त्यांचा लळा लागला.

त्यानंतर चार वर्षांनी मास्तर निवृत्त झाले. शेठनी हार घातला, पेढे वाटले, आणि पुढच्याच आठवड्यात एका फिरोजी शेडसाठी गाडी पाठवून त्यांना बमरोलीहून बोलावून घेतलं. असं महिन्यातून दोनदा तरी व्हायचं. बिघडलेली प्रत काही मिळाली नव्हती.

ती मला मिळाली. जुन्या सुरतेतलं एक मराठी वाचनालय बंद होत होतं, इमारत पाडणार होते. ज्याला जे पाहिजे ते न्या, असा निरोप आमच्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर फिरत फिरत आला. मी गेले तेव्हा कादंबऱ्या संपल्या होत्या, कोपऱ्यात सुतळीने बांधलेले दिवाळी अंक तेवढे उरले होते. तिसऱ्या गठ्ठ्यात टाचा दिसल्या. मी तो अंक ओढून काढला. तीच बाई, तेच स्टूल, तोच कंदील. साडी वांगी. मी तिथेच जमिनीवर बसले. वाचनालय सांभाळणाऱ्या आजोबांनी मला पाणी आणून दिलं, त्यांना वाटलं मला वाचनालयाचंच वाईट वाटतंय.

आता मी काय केलं ते सांगते, आणि कोणतीही सबब न देता सांगते. आमच्या लॅबमध्ये बाहेरून आलेली प्रत्येक गोष्ट आधी कात्रीखाली जाते. नमुना आला की झिगझॅग कात्रीने दोन बोटं तुकडा कापायचा, रजिस्टरला चिकटवायचा, मग पुढचं बोलायचं. हे हाताला इतकं लागलेलं असतं की डोकं नंतर पोचतं. माझ्या आधी लागलेल्या केमिस्टने एका पार्टीच्या बायकोचा शालू असाच कापला होता, तो नुसता रंग बघायला आणि परत करायला दिला होता. आम्ही त्याला वर्षभर हसलो. मी सर्वांत जास्त हसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो अंक माझ्या टेबलावर होता, नमुन्यांच्या पाकिटांशेजारी. खांद्याला फोन अडकवलेला, पलीकडून डाइंगवाला तापमान चुकलं म्हणून कावलेला, आणि माझे डोळे त्या वांगी पदरावर. ही शेड कशी बसवली असेल, एवढाच विचार मनात होता. कर्र असा आवाज झाला. खाली बघितलं तर दोन बोटं पदर माझ्या हातात.

साठ वर्षं कुठे कुठे तग धरून राहिलेला तो कागद, आणि मी त्याला भोक पाडलं. मला रडू आलं नाही, स्वतःच्या हाताचा संताप आला. मी मास्तरांना फोन केला आणि एका दमात सांगितलं, की मास्तर, अंक सापडला आणि मी तो कापला. मग त्यांनी विचारलं, कुठून? पदरातून. किती? दोन बोटं. "येतो," म्हणाले आणि फोन ठेवला.

ते आले तेव्हा साडेदहा झाले होते. काखेत ग्रे कापडाची गुंडाळी. त्यांनी भोकाकडे बघितलं, तुकडा तळहातावर घेतला आणि सरळ जिना चढू लागले. गच्चीवर त्यांनी डोळ्यांवर पाणी मारलं. दोन मिनिटं पांढऱ्या कापडाकडे बघत बसले. मग त्यांची चांगली प्रत मांडीवर उघडून तिच्या डाळिंबी पदरावर तो तुकडा ठेवला, आणि एकदाच बघितलं.

फरक एवढा होता की तो बघायला कलर मास्तर लागत नव्हता. नव्या साडीला जुनं ठिगळ लावावं तसा तो तुकडा दिसत होता. इतकी वर्षं मी मनात धरून होते, की मालकाने राईचा पर्वत केला असेल, जरासा फरक असेल. जरासा नव्हता. मालक खरं बोलला होता. मला मास्तरांच्या तोंडाकडे बघवेना.

"फरक आहे," मास्तर म्हणाले. उठले, आणि आले तसेच खाली निघाले. मला वाटलं, आता ते घरी जातील. पण ते लॅबमध्ये शिरले आणि लाइट बॉक्ससमोर जाऊन उभे राहिले. आत कोणाचा तरी डबा होता. तो त्यांनी स्वतः बाहेर काढला.

"पेटी चालू कर, बेटा," ते म्हणाले.

इतक्या वर्षांत मी हे शब्द त्यांच्या तोंडून ऐकले नव्हते. मी खिडकीचे पडदे ओढले. त्यांनी चांगली प्रत आत ठेवली, पदरावर तुकडा ठेवला. मी दिवसाच्या उजेडाचं बटण दाबलं. ठिगळ तसंच, गच्चीवर होतं तसं. मग त्यांनी माझा हात बाजूला केला आणि पिवळ्या बल्बचं बटण स्वतः दाबलं.

तुकडा नाहीसा झाला.

मी पुढे वाकले. पदर एकसंध होता. कंदील, टाचा, स्टूल, आणि पाठीवरून खाली आलेला अखंड पदर. मला वाटलं तुकडा खाली पडला. मास्तरांनी बोट पुढे केलं आणि कागदावरून हळूहळू फिरवलं, आंधळा माणूस वाट चाचपतो तसं. बोटाला झिगझॅग कड लागली तेव्हा ते थांबले. तुकडा तिथेच होता. हाताला लागत होता, डोळ्याला दिसत नव्हता.

"मन्हा बापना डोया चांगला व्हतात," ते म्हणाले. कारखान्यात मी त्यांना अहिराणी बोलताना पहिल्यांदाच ऐकलं.

त्यांनी तीनदा बटणं बदलली. उजेड, ठिगळ. बल्ब, पदर. मग रजिस्टर मागितलं. मला वाटलं ते मला आता तरी रागावतील. त्यांनी तुकडा उलटून बघितला, एवढंच म्हणाले की कात्री तिरकी चालली आहे, आणि डिंक लावून तो नव्या पानावर चिकटवला. रजिस्टरमध्ये पार्टीचं नाव लिहायचा रकाना असतो, तिथे त्यांनी वडिलांचं पूर्ण नाव लिहिलं. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, 'शेड पास. दिवा नापास.' खाली सही केली. ठसठशीत, रेघ ओढून, माल रवाना करताना करायचे तशी.

मी चहा सांगितला. मला फार आनंद झाला होता आणि तो मी लपवला नाही. मी भडाभडा बोलत होते, की मास्तर, तो मालक आज असता तर त्याला इथे आणून उभा केला असता, त्याच्या नातवंडांना तरी फोटो पाठवू. मास्तर अंक ग्रे कापडात गुंडाळत होते. आधी चांगली प्रत, तिच्यावर भोक पडलेली. गाठ मारता मारता त्यांचे हात थांबले.

"म्हणजे बापले दिखत व्हतं, बेटा," ते म्हणाले. "टमाटा कच्चा शेतस, ते त्याले दिखत व्हतं. तरी त्यानी इकत लिधात. मी सांगं म्हनीसन."